राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि द्विधा मनःस्थितीतील मतदार : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

निवडणुकीच्या अभ्यासात ज्या मतदाराने अखेरच्या क्षणापर्यंत निर्णय घेतलेला नसतो त्याला विशेष महत्त्व दिले जाते. प्रत्यक्ष मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या देशांत असा मतदार म्हणजे सामान्य नागरिक होय. भारतात मात्र राष्ट्रपतीची निवड नागरिक थेट करीत नाहीत, त्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी करतात. त्यामुळे भारतीय संदर्भात राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारांची तुलना करणारा अनिर्णित मतदार कोण, असा प्रश्न विचारल्यास त्याचे उत्तर आमदार आणि खासदार असे द्यावे लागते. या मतदाराला कायद्याने पक्षादेशापासून मुक्त ठेवले आहे, त्याचे मत गुप्त आहे आणि त्याला एकाहून अधिक उमेदवारांना पसंतीक्रम देता येतो. हे स्वातंत्र्य प्रत्यक्षात किती वापरले जाते, कोणत्या विचारांच्या ओढाताणीत वापरले जाते आणि ज्या नागरिकांच्या वतीने ते वापरले जाते त्यांच्याशी त्याचे नाते काय, हे प्रश्न राज्यशास्त्राच्या अध्यापनात सहसा दुर्लक्षित राहतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचे विवेचन सोलापूर जिल्हा व महाराष्ट्र यांच्या संदर्भात केले आहे. त्यासाठी प्रथम निर्वाचकगणाची रचना व मतमूल्य यांचा विचार केला असून, नंतर १९६९ व २००७ या दोन निवडणुकांचे परीक्षण केले आहे. १९६९ च्या निवडणुकीत चिंतामणराव देशमुख हे मराठी उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहिले, तर २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील विजयी झाल्या. या दोन घटनांची तुलना द्विधा मतदाराच्या वर्तनावर पुरेसा प्रकाश टाकते.

निर्वाचकगणाची रचना

संविधानाच्या अनुच्छेद ५४ नुसार राष्ट्रपतीची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य आणि राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. दिल्ली व पुदुच्चेरी येथील विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांचाही पुढे यात समावेश झाला. राज्यसभेतील नामनिर्देशित सदस्यांना या निवडणुकीत मताधिकार नाही. विधानपरिषदेच्या सदस्यांनाही तो नाही, मग ते निर्वाचित असोत वा नामनिर्देशित.

ही शेवटची तरतूद महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. सोलापूर जिल्ह्यातील शिक्षक पुणे विभाग शिक्षक मतदारसंघातून आणि पदवीधर पुणे विभाग पदवीधर मतदारसंघातून विधानपरिषदेवर प्रतिनिधी पाठवितात. या दोन्ही निवडणुकांत राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीप्रमाणेच पसंतीक्रमाची पद्धत वापरली जाते. म्हणजे ज्या पद्धतीने राष्ट्रपती निवडला जातो त्या पद्धतीचा प्रत्यक्ष अनुभव येथील शिक्षकाला आहे. परंतु त्याने त्या पद्धतीने निवडून दिलेला प्रतिनिधी राष्ट्रपतिपदासाठी मत देऊ शकत नाही. शिक्षकाचे प्रतिनिधित्व या निवडणुकीत सामान्य मतदार म्हणून, आपल्या विधानसभा व लोकसभा मतदारसंघामार्फतच होते.

संविधान सभेत प्रा. के. टी. शहा यांनी राष्ट्रपतीची निवड प्रौढ मताधिकाराने थेट जनतेकडून व्हावी असा आग्रह धरला होता. तो मान्य झाला नाही. संसदीय शासनपद्धतीत खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे असते. अशा वेळी कोट्यवधी मतदारांनी थेट निवडलेला राष्ट्रपती मंत्रिमंडळाला समांतर सत्ताकेंद्र ठरेल, अशी भीती होती. दुसरीकडे केवळ संसदेने राष्ट्रपती निवडल्यास तो केंद्रातील बहुमताचाच प्रतिनिधी झाला असता. राज्यांच्या विधानसभांना सहभागी करून घेण्याचा मध्यममार्ग यातून निघाला. या मार्गाने आमदाराकडे, म्हणजे तालुक्याच्या रस्त्या-पाण्याच्या प्रश्नांसाठी निवडून दिलेल्या व्यक्तीकडे, राष्ट्रप्रमुख निवडण्याची जबाबदारी आली.

मतमूल्य आणि सोलापूर जिल्हा

प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवर ठरते. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागून येणाऱ्या संख्येस पुन्हा एक हजाराने भागले जाते. बाकी पाचशेपेक्षा कमी नसल्यास मूल्यात एक मिळविला जातो. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ ची लोकसंख्या यासाठी गोठविण्यात आली आणि ८४ व्या घटनादुरुस्तीने ही स्थिती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत कायम ठेवली. १९७१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ ने व नंतर एक हजाराने भागल्यास १७५ हे मूल्य येते. उत्तर प्रदेशातील आमदाराच्या मताचे मूल्य २०८, तर सिक्कीममधील आमदाराचे ७ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार हिशेब केला असता महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य ३९० झाले असते. अर्थात इतर राज्यांची मूल्येही वाढली असती. कुटुंबनियोजनात आघाडीवर राहिलेल्या राज्यांचे तुलनात्मक वजन घटू नये, हा लोकसंख्या गोठविण्यामागील हेतू होता.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर सोलापूर जिल्ह्यात अकरा विधानसभा मतदारसंघ आहेत : करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण, पंढरपूर, सांगोला व माळशिरस. जिल्ह्यातील आमदारांचे एकत्रित मतमूल्य १,९२५ होते. संपूर्ण महाराष्ट्र विधानसभेचे मतमूल्य ५०,४०० आहे.

खासदाराच्या मताचे मूल्य सर्व आमदारांच्या एकूण मतमूल्यास संसदेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागून काढले जाते. २००७, २०१२ व २०१७ मध्ये ते ७०८ होते. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्यामुळे ते ७०० झाले. त्या निवडणुकीपुरते सांगायचे तर महाराष्ट्रातील चार आमदारांचे मत एका खासदाराच्या मताबरोबर होते. सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्र लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागले आहे. सोलापूर मतदारसंघात सहा व माढा मतदारसंघात चार विधानसभा क्षेत्रे या जिल्ह्यातील असून बार्शीचा समावेश धाराशिव लोकसभा मतदारसंघात होतो. म्हणजे अक्कलकोटच्या मतदाराचे आणि बार्शीच्या मतदाराचे राष्ट्रपती-निवडणुकीतील प्रतिनिधित्व आमदारांच्या पातळीवर सारखे असले, तरी खासदारांच्या पातळीवर ते वेगवेगळ्या व्यक्तींमार्फत होते.

पसंतीक्रम : अनिर्णित मतदाराचे साधन

अनुच्छेद ५५ नुसार ही निवडणूक एकल संक्रमणीय मतपद्धतीने व गुप्त मतदानाने होते. मतदार उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रमांक लिहितो. पहिली पसंती लिहिणे बंधनकारक आहे. पुढील पसंती लिहिणे ऐच्छिक आहे. वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक मते मिळविणारा उमेदवार विजयी होतो. पहिल्या पसंतीत कोणासही इतकी मते न मिळाल्यास सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीनुसार उर्वरित उमेदवारांकडे संक्रमित होतात.

दोन उमेदवारांमध्ये मन विभागलेल्या मतदाराला या पद्धतीने मोठी सोय झाली आहे. साध्या बहुमताच्या पद्धतीत अ की ब असा निर्णय एकाच खुणेत करावा लागतो आणि आवडता उमेदवार पराभूत होणार असे दिसत असल्यास मत वाया जाण्याची धास्ती असते. पसंतीक्रमात ही धास्ती उरत नाही. मतदार पहिली पसंती निष्ठेला व दुसरी पसंती व्यवहाराला देऊ शकतो. अट एवढीच की रिंगणात किमान तीन दखलपात्र उमेदवार हवेत. दोनच उमेदवार असतील तर दुसऱ्या पसंतीला काही अर्थ उरत नाही. १९६९ नंतरच्या निवडणुका मुख्यतः दोन उमेदवारांतच झाल्यामुळे हे साधन कायद्यात असूनही वापरात नाही.

याला कायद्याचाही हातभार लागला आहे. १९६९ मध्ये १५ उमेदवार होते. गांभीर्याविना होणाऱ्या उमेदवाऱ्यांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये दहा प्रस्तावक व दहा अनुमोदक यांची अट घालण्यात आली आणि १९९७ मध्ये ती प्रत्येकी पन्नास इतकी वाढविण्यात आली. अनामत रक्कम १५,००० रुपये झाली. परिणामी मोठ्या पक्षाच्या वा आघाडीच्या पाठिंब्याविना उमेदवारी दाखल करणे जवळपास अशक्य झाले.

१९६९ : तीन उमेदवार, एक पेच

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या पसंतीविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांची उमेदवारी निश्चित केली. त्या वेळचे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी मंडळात रेड्डी यांच्या बाजूने मत दिले होते. १९ जुलै रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. २० जुलै रोजी गिरी यांनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून निवडणूक लढविण्याचे ठरविले आणि सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांच्याकडे राष्ट्रपतिपदाची सूत्रे तात्पुरती आली. जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांनी चिंतामणराव देशमुख यांना उभे केले.

महाराष्ट्रातील काँग्रेस आमदाराची त्या वेळची स्थिती ध्यानी घेण्याजोगी आहे. रेड्डी हे त्याच्या पक्षाचे अधिकृत उमेदवार होते. गिरी यांच्यामागे पंतप्रधानांचे अनुच्चारित, पण सर्वज्ञात समर्थन होते. आणि देशमुख हे त्याच्या भाषेचे व प्रांताचे होते. महाडजवळील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. १९५२ मध्ये कुलाब्यातून ते लोकसभेवर निवडून आले. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला अवघी तेरा वर्षे झाली होती आणि त्या राजीनाम्याची आठवण ताजी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले देशमुख विद्वत्तेच्या निकषावरही कमी नव्हते. परंतु त्यांना पाठिंबा देणारे पक्ष काँग्रेसच्या आमदाराला वैचारिकदृष्ट्या परके होते. पक्ष, नेतृत्व आणि प्रांत अशा तीन दिशांनी तीन ओढी होत्या.

काँग्रेसचे अध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या नेत्यांशी दुसऱ्या पसंतीच्या मतांबाबत बोलणी केली. याच मुद्द्याचा आधार घेऊन इंदिरा गांधी यांच्या गटाने अधिकृत उमेदवाराला बांधील राहण्याचे कारण उरले नाही अशी भूमिका घेतली. रेड्डी यांच्यासाठी पक्षादेश काढण्यास पंतप्रधानांनी नकार दिला आणि सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदान करण्याचे आवाहन झाले. १६ ऑगस्ट रोजी मतदान व २० ऑगस्ट रोजी मतमोजणी झाली.

पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ व देशमुख यांना १,१२,७६९ मते मिळाली. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७ असल्यामुळे विजयासाठी ४,१८,१६९ मते आवश्यक होती. गिरी १६,६५४ मतांनी कमी पडले. भारताच्या राष्ट्रपती-निवडणुकीच्या इतिहासात दुसऱ्या पसंतीची मोजणी निर्णायक ठरण्याचा हा एकमेव प्रसंग आहे. संक्रमणानंतर गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला.

या आकड्यांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांमधून रेड्डी यांना ९१,८७९, तर गिरी यांना केवळ १८,५६२ मते मिळाली. म्हणजे देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्या बहुतेकांनी दुसरी पसंती रेड्डी यांना दिली होती आणि ठरविल्याप्रमाणेच मतदान झाले होते. दुसरी, १०,८३३ मतमूल्याच्या पत्रिकांवर गिरी वा रेड्डी यांच्यापैकी कोणालाही पुढील पसंती दिलेली नव्हती. हे मतदार एका अर्थाने अखेरपर्यंत अनिर्णित राहिले आणि त्यांची मते अंतिम फेरीत मोजलीच गेली नाहीत. तिसरी, दोघांतील अंतर १४,६५० होते. त्या वेळी १९६१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १४६ आणि खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. महाराष्ट्राइतके मतमूल्य असलेल्या सुमारे ५० आमदारांनी, किंवा अवघ्या १३ खासदारांनी, गिरी यांच्याऐवजी रेड्डी यांची निवड केली असती तर निकाल उलटला असता. राष्ट्रप्रमुखाची निवड इतक्या थोड्या लोकांच्या मनाच्या कलावर अवलंबून होती.

या निवडणुकीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. मतदानापूर्वी संसद सदस्यांमध्ये रेड्डी यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविणारे निनावी पत्रक वाटले गेले. त्यावरून निवडणुकीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि पदावर असलेले राष्ट्रपती गिरी यांनी न्यायालयासमोर साक्ष दिली. १९७० मध्ये ही याचिका फेटाळली गेली. सदसद्विवेकाच्या आवाहनाबरोबरच द्विधा मतदारावर अपप्रचाराचाही मारा झाला होता, हे या प्रकरणावरून दिसते. मतदार अनिर्णित असतो तेव्हा त्याच्यापर्यंत विचार पोहोचतो तशी कुजबूजही पोहोचते.

नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस फुटली. संसदीय मंडळात रेड्डी यांना साथ देणारे यशवंतराव चव्हाण फुटीनंतर इंदिरा गांधी यांच्यासोबत राहिले. चव्हाणांच्या या भूमिकेवर त्या काळी बरीच टीका झाली. तथापि पक्षाच्या निर्णयप्रक्रियेविषयीची निष्ठा आणि पक्षाच्या भवितव्याविषयीचा अंदाज या दोन वेगळ्या बाबी आहेत, असे मानल्यास त्यात विसंगतीच आहे असे म्हणता येत नाही.

२००७ : मराठी उमेदवार आणि आघाडीचा धर्म

२००७ च्या निवडणुकीत संयुक्त पुरोगामी आघाडीच्या उमेदवाराबाबत प्रथम शिवराज पाटील, सुशीलकुमार शिंदे व डॉ. कर्णसिंह यांची नावे चर्चेत होती. अखेर १४ जून रोजी राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर झाले. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या पाटील १९६२ पासून महाराष्ट्र विधानसभेत, पुढे राज्यसभेच्या उपसभापतिपदावर व अमरावतीच्या खासदार म्हणून कार्यरत होत्या. त्यांच्या विरोधात तत्कालीन उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून उभे होते. शेखावत तीन वेळा राजस्थानचे मुख्यमंत्री राहिले होते.

या वेळी पेच शिवसेनेपुढे होता. राष्ट्रीय लोकशाही आघाडीतील घटक म्हणून शेखावत यांना मत देणे अपेक्षित होते, तर मराठी अस्मितेवर उभारलेल्या पक्षाला राष्ट्रपतिपदाच्या मराठी दावेदाराविरुद्ध मत देणे कठीण होते. बाळासाहेब ठाकरे यांनी पाटील यांना पाठिंबा जाहीर केला. १९ जुलै रोजी मतदान होऊन पाटील यांना ६,३८,११६ व शेखावत यांना ३,३१,३०६ मतमूल्य मिळाले. शिवसेनेने अशी वेगळी वाट धरण्याचा हा एकच प्रसंग नव्हे. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांना भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा असताना शिवसेनेने टी. एन. शेषन यांना साथ दिली. २०१२ मध्ये तिने पी. ए. संगमा यांच्याऐवजी प्रणव मुखर्जी यांना आणि २०२२ मध्ये, महाविकास आघाडीतील अन्य पक्ष यशवंत सिन्हा यांच्यासोबत असताना, उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेने द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला. राज्यातील सरकार व आघाडी यांना धक्का न लावता वेगळे मत देता येते, हे या चारही प्रसंगांत गृहीत होते. मात्र येथे द्विधा अवस्था व्यक्तीची नव्हती, पक्षाची होती. निर्णय पक्षनेतृत्वाने घेतला आणि सदस्यांनी तो अमलात आणला.

१९६९ व २००७ यांची तुलना करता प्रांतीय अस्मिता हा घटक एकटा निर्णायक ठरत नाही, असे दिसते. देशमुखांची गुणवत्ता व महाराष्ट्राशी असलेले नाते निर्विवाद होते, परंतु त्यांच्यामागे विजयाचे गणित नव्हते. पाटील यांच्यामागे सत्ताधारी आघाडीचे मतमूल्य आधीच उभे होते. अस्मितेमुळे त्यात भर पडली, पाया मात्र तिने घातला नाही. अस्मितेचे आवाहन द्विधा मतदाराला तेव्हाच हलविते, जेव्हा ते मान्य केल्याने मोठी राजकीय किंमत मोजावी लागत नाही.

सोलापूरच्या संदर्भात आणखी एक उदाहरण उद्बोधक आहे. २००२ च्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सोलापूरचे तत्कालीन खासदार सुशीलकुमार शिंदे विरोधी पक्षांचे उमेदवार होते. १२ ऑगस्ट रोजी झालेल्या मतदानात शेखावत यांना ४५४ व शिंदे यांना ३०५ मते मिळाली. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत केवळ संसद सदस्य, तेही नामनिर्देशित सदस्यांसह, मतदान करतात आणि प्रत्येक मताचे मूल्य समान असते. त्यामुळे सोलापूरचा माणूस उमेदवार असूनही सोलापूरच्या एकाही आमदाराला त्या निवडणुकीत मत नव्हते. राष्ट्रपती व उपराष्ट्रपती यांच्या निर्वाचकगणांतील हा भेद विद्यार्थ्यांना समजावून देण्यास यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणार नाही.

पक्षादेश, गुप्तता आणि उत्तरदायित्व

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदी आल्या. सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. परंतु राष्ट्रपतिपदाचे मतदान हे सभागृहाचे कामकाज नव्हे. या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही व मत देण्यास वा न देण्यास सदस्य मोकळा आहे, अशी निवडणूक आयोगाची भूमिका आहे. मतदानही गुप्त आहे. २०१२ मध्ये मुलायमसिंह यादव यांनी चुकीच्या नावापुढे खूण झाल्यावर मतपत्रिका बदलून घेतली, तेव्हा गुप्ततेच्या नियमांचा भंग झाल्याचे सांगून आयोगाने त्यांचे मत अवैध ठरविले. याउलट २००३ च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. म्हणजे एकाच आमदाराचे राज्यसभेसाठीचे मत पक्षाला दिसते, पण राष्ट्रपतिपदासाठीचे मत कोणालाच दिसत नाही.

अमेरिकेतील व्यवस्थेशी तुलना केल्यास भारतीय तरतुदीचे वेगळेपण उठून दिसते. तेथे ५३८ निर्वाचक राष्ट्राध्यक्षाची औपचारिक निवड करतात. जनतेच्या कौलाविरुद्ध मत देणाऱ्या निर्वाचकाला राज्ये शिक्षा करू शकतात, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तेथे द्विधा असण्याचा अधिकार नागरिकाला आहे, निर्वाचकाला तो जवळपास नाही. भारतात नेमके उलट आहे.

यातून प्रतिनिधित्वाच्या स्वरूपाविषयीचा जुना प्रश्न पुढे येतो. प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप्या आहे की त्यांच्या वतीने स्वतःच्या बुद्धीने निर्णय करणारा विश्वस्त आहे? एडमंड बर्क याने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे दुसरी भूमिका मांडली होती. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत भारतीय संविधानाने प्रतिनिधीला पूर्णपणे विश्वस्त मानले आहे. पण विश्वस्ताने हिशेब द्यावयाचा असतो, आणि येथे हिशेब मागण्याची सोयच नाही.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. शेतकरी कामगार पक्षाचे देशमुख १९६२ मध्ये प्रथम विधानसभेवर निवडून आले व एकूण अकरा वेळा विजयी झाले. १९६९, २००७ व २०१७ या तिन्ही राष्ट्रपती-निवडणुकांच्या वेळी ते विधानसभेचे सदस्य होते. छोट्या पक्षाच्या अशा सदस्याला दोन्ही मोठ्या बाजूंकडून विचारणा होते व त्याच्यापुढील निवड अधिक मोकळी असते. त्यांनी ज्या पत्रिकांवर पसंतीक्रम लिहिले त्या गुप्तच राहिल्या आणि राहावयास हव्यात. परंतु सांगोल्याच्या मतदाराने पन्नास वर्षांत आपल्या प्रतिनिधीला राष्ट्रपतिपदाच्या मताविषयी एकदा तरी विचारले असेल काय, हा प्रश्न उरतोच. गुप्तता प्रतिनिधीला पक्षाच्या दडपणापासून वाचविते, आणि तीच गुप्तता त्याला मतदारापासूनही दूर नेते.

मूल्यमापन

वरील विवेचनावरून राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारांचे मूल्यमापन करणाऱ्या प्रतिनिधीपुढे चार निकष असतात, असे म्हणता येते. पक्षाचा निर्णय, उमेदवाराची भाषा, प्रदेश वा सामाजिक स्थान, उमेदवाराची व्यक्तिगत योग्यता आणि निवडीचे राजकीय परिणाम हे ते निकष होत. पहिला व चौथा निकष बहुतेक वेळा प्रभावी ठरतो. दुसरा निकष पहिल्याशी जुळला तर बळ धरतो. तिसऱ्या निकषाचा उल्लेख भाषणांत सर्वाधिक होतो आणि मोजणीत त्याचा प्रभाव सर्वांत कमी दिसतो. वास्तविक राष्ट्रपतीची कसोटी त्रिशंकू लोकसभा, राष्ट्रपती राजवटीची शिफारस वा दयेचा अर्ज अशा प्रसंगी लागते. त्या वेळी व्यक्तीची निर्णयक्षमता व संविधानाची जाण हेच उपयोगी पडतात. संविधानकर्त्यांनी गुप्त मत व पक्षादेशापासून मुक्तता दिली ती या निकषाला वाव मिळावा म्हणून, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

हे स्वातंत्र्य काढून घ्यावे, मतदान उघड करावे, असा युक्तिवाद होऊ शकतो. उघड मतदानाने उत्तरदायित्व वाढेल हे खरे, परंतु ते प्रथम पक्षाप्रती वाढेल व नंतर नागरिकाप्रती. राज्यसभेच्या निवडणुकीचा अनुभव हेच सांगतो. त्यामुळे गुप्तता राखूनही उत्तरदायित्व वाढविण्याचा मार्ग शोधणे अधिक श्रेयस्कर होय. मतपत्रिका दाखविण्यास कायद्याने मनाई आहे, आपल्या निवडीची कारणे आधी मांडण्यास नाही. आमदाराने मतदानापूर्वी आपल्या मतदारसंघात उमेदवारांविषयीचे मत मांडावे, नागरिकांचे ऐकावे आणि नंतर स्वतःच्या विवेकाने मत द्यावे, यात कोणत्याही नियमाचा भंग होत नाही.

निष्कर्ष

१. भारतातील राष्ट्रपती-निवडणुकीत अनिर्णित मतदाराचे स्थान आमदार व खासदार यांना आहे. त्याला पसंतीक्रम, गुप्तता व पक्षादेशापासून मुक्तता ही तीन साधने उपलब्ध आहेत.

२. या साधनांचा पूर्ण उपयोग केवळ १९६९ मध्ये झाला. त्यानंतर उमेदवारीच्या कठोर अटी व दुरंगी लढती यांमुळे पसंतीक्रम निष्प्रभ झाला.

३. प्रांतीय वा सामाजिक अस्मिता द्विधा मतदाराला प्रभावित करते, परंतु ती पक्षीय गणिताला पूरक असेल तेव्हाच निर्णायक वाटते.

४. गुप्ततेमुळे सदसद्विवेकाचे रक्षण होते, तथापि मतदारसंघाशी असलेला संवाद तुटतो. हा संवाद प्रतिनिधींनी स्वेच्छेने करणे शक्य आहे.

५. सोलापूर जिल्ह्यातील आमदारांचे १,९२५ मतमूल्य १९७१ च्या महाराष्ट्राच्या जनगणनेतून आले. त्यामागे नागरिकांची संख्या आहे, त्यांचे मत विचारण्याची प्रथा नाही. नव्या जनगणनेनंतर मतमूल्याचे आकडे बदलतील. ही प्रथा मात्र आकड्यांबरोबर आपोआप येणार नाही, ती मतदारांनी आपल्या प्रतिनिधीला प्रश्न विचारून पाडावी लागेल. राज्यशास्त्राच्या वर्गात मतमूल्याचे सूत्र शिकविताना हा प्रश्नही शिकविला जावा, एवढी अपेक्षा करणे गैर नव्हे.